रीस्टार्ट केला की राऊटर दोन दिवस नीट चालतो, मग पुन्हा तेच

मिरजेला काकांकडे जवळजवळ वर्षभर हे चाललं होतं. संध्याकाळचे सात वाजले की नेट अडखळायला लागायचं. नातीचा व्हिडिओ कॉल गोठायचा, वीजबिल भरायला घेतलं की पान नुसतं फिरत राहायचं. नेटवाल्याला फोन केला की उत्तर ठरलेलं: "काका, राऊटर बंद करून चालू करा." केला की खरंच बरं चालायचं, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा जैसे थे. प्लॅन वाढवून झाला, फायबरची वायर बदलून झाली, काहीही फरक नाही.

दिवाळीत गेले तेव्हा मी राऊटरचं सेटिंगचं पान उघडून बसले. सगळ्यात आधी लॉग पाहिला. त्यातल्या झाडून सगळ्या नोंदींवर एकच तारीख होती: १ जानेवारी १९७०. घरच्या राऊटरला आत सहसा स्वतःचं घड्याळ नसतं. चालू झाला की तो नेटवरच्या टाइम सर्व्हरला वेळ विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत १९७० किंवा कंपनीने ठरवलेल्या एखाद्या तारखेवर अडकून असतो. म्हणजे याला वेळ मिळतच नव्हती. म्हणून वेळेचं पान उघडलं. जिथे टाइम सर्व्हरचं नाव असायला हवं, त्या डब्यात भलतीच लांबलचक ओळ होती. डबा छोटा, ओळ मोठी, त्यामुळे कर्सर बाणाने पुढे सरकवत सरकवत वाचावी लागली. सुरुवातीला सेमीकोलन, मग तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाण्याची आज्ञा, मग परदेशातल्या कुठल्याशा आयपी पत्त्यावरून एक फाइल उतरवून घेण्याची आज्ञा आणि शेवटी ती फाइल चालवण्याची आज्ञा.

काकांनी ते पान आयुष्यात कधी उघडलं नव्हतं. ती ओळ बाहेरच्या कोणीतरी भरली होती.

या प्रकाराला कमांड इंजेक्शन म्हणतात. तुमच्याकडेही "रीस्टार्ट केला की बरा, मग पुन्हा तेच" हे चक्र चालू असेल, तर वायर, प्लॅन आणि वायफायचा चॅनल तपासून झाल्यावर ही शक्यता तपासून पाहा. नेटवाल्याच्या हेल्पलाइनवर याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आत नेमकं काय होतं

घरचा राऊटर हा एक छोटासा लिनक्स संगणक असतो. आपल्याला दिसतं ते सेटिंगचं पान. त्याच्या मागे एक प्रोग्राम आपण भरलेला मजकूर उचलतो आणि कामाला लावतो. पुष्कळ स्वस्त राऊटरांत हा प्रोग्राम आळशीपणे लिहिलेला असतो. तो "वेळ आणण्याची आज्ञा" आणि "तुम्ही डब्यात लिहिलेलं नाव" यांची एक ओळ जोडतो आणि जशीच्या तशी शेलच्या हवाली करतो. शेल म्हणजे आज्ञा वाचून त्या चालवणारा. त्याला सेमीकोलन दिसला की तो समजतो, एक काम संपलं, आता पुढचं. त्यामुळे नावाच्या जागी कोणी सेमीकोलन टाकून पुढे स्वतःची आज्ञा लिहिली, तर शेल तीही इमानेइतबारे पार पाडतो. आणि राऊटरमध्ये हे सगळं बहुतेक वेळा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या हक्काने चालतं.

आपण चेकवर "रुपये पाचशे फक्त" लिहितो आणि पुढे रेघ मारतो. मागून कोणी काही जोडू नये म्हणून तो "फक्त" असतो. या प्रोग्रामांनी तो "फक्त" लिहिलेलाच नसतो.

टाइम सर्व्हरचा डबा हे एक उदाहरण झालं. जिथे जिथे राऊटर तुमचा मजकूर आज्ञेत मिसळतो तिथे तिथे ही फट असू शकते. पिंग करून (म्हणजे एखादा पत्ता उत्तर देतो का ते) पाहण्याचं निदानाचं पान तर जवळजवळ प्रत्येक राऊटरमध्ये असतं, आणि तिथे ती वारंवार सापडली आहे. टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स२१ या मॉडेलमध्ये ती देश निवडण्याच्या जागी होती. एका विनंतीत देशाच्या नावाऐवजी आज्ञा पाठवायची, तीच विनंती पुन्हा पाठवली की ती आज्ञा रूट म्हणून चालायची. लॉगिनची गरजच नाही. डिसेंबर २०२२ मध्ये टोरांटोच्या पोन-टू-ओन या फटी शोधण्याच्या स्पर्धेत संशोधकांनी ती दाखवली, मार्च २०२३ मध्ये कंपनीने दुरुस्त फर्मवेअर (राऊटरच्या आतला मूळ प्रोग्राम) दिलं, आणि एप्रिलमध्ये मिराय या बॉटनेटने (चोरून ताब्यात घेतलेल्या, हल्लेखोराच्या हुकमाने चालणाऱ्या उपकरणांच्या फौजेने) तीच फट वापरायला सुरुवात केली. अशा फटींच्या जागतिक यादीत हिचा क्रमांक सीव्हीई-२०२३-१३८९. यात मला सगळ्यात जास्त खुपते ती पुढची गोष्ट: २०२५ च्या सुरुवातीला बॅलिस्टा नावाचं नवं बॉटनेट याच फटीतून पसरत होतं. दुरुस्ती येऊन दोन वर्षं होत आली होती, आणि घरोघरच्या राऊटरांत ती पोचलीच नव्हती.

मग पासवर्ड बदलून काय होतं? चांगलंच होतं, बदलाच. पण अशा फटीत हल्लेखोर पासवर्डच्या दारातून येतच नाही. २०१८ मध्ये दासन कंपनीच्या जीपॉन राऊटरांत दोन दोष एकत्र सापडले. पानाच्या पत्त्याला शेवटी एक छोटा शब्द जोडला की लॉगिन विचारलंच जात नव्हतं, आणि आत गेल्यावर पिंगच्या डब्यातून हवी ती आज्ञा चालवता येत होती. पासवर्ड कितीही अवघड असला तरी त्या राऊटरला उपयोग शून्य.

रीस्टार्टने बरं का वाटतं आणि दुखणं परत का येतं

मिराय आणि तिच्या वंशातले बहुतेक प्रोग्राम राऊटरच्या कायमच्या साठ्यात जात नाहीत, ते फक्त रॅममध्ये, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीत, राहतात. वीज गेली की ते पुसले जातात. म्हणून रीस्टार्टनंतर नेट एकदम मोकळं झाल्यासारखं वाटतं. पण फट तशीच उघडी असते, आणि नेटवर असे राऊटर शोधत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. त्यांच्या नजरेला पडायला कधी दोन दिवस लागतात, कधी काही मिनिटं.

काकांच्या राऊटरमध्ये याहून वाईट होतं. ती ओळ टाइम सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कायमची जतन झाली होती. राऊटर चालू झाला की वेळ आणायला जाणार, आणि वेळ आणायला गेला की तीच ओळ पुन्हा चालणार. म्हणजे नेटवाल्याने सांगितलेला उपाय दर वेळी हल्लेखोराचंच काम नव्याने सुरू करून देत होता. मधल्या दोन दिवसांचं कोडं मला एवढंच सुटलं: फाइल ठेवलेला तो परदेशातला सर्व्हर कधी चालू असायचा, कधी बंद. तो बंद असेल तेव्हा फाइल उतरायची नाही आणि काकांचे दोन दिवस बरे जायचे.

टाइम सर्व्हरच्या डब्याचा हा डाव जुना आहे. २७ नोव्हेंबर २०१६ ला जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचं नेट कोलमडलं, त्यामागेही हाच डबा होता. नेट कंपन्या ग्राहकांचे राऊटर दुरून सांभाळण्यासाठी ७५४७ क्रमांकाचा पोर्ट (नेटवरून आत येण्याचं दार) वापरतात. तो सगळ्या जगाला उघडा होता, आणि मिरायच्या एका रूपाने त्यातून टाइम सर्व्हरच्या नावात आज्ञा कोंबून पाठवायला सुरुवात केली होती. ती आज्ञा दुसऱ्या बनावटीच्या राऊटरांसाठी होती, जर्मनीतल्या राऊटरांना लागण झाली नाही. पण विनंत्यांच्या नुसत्या माऱ्यानेच ते गुदमरले. पुढच्या वर्षी, २०१७ च्या जुलैत, आपल्याकडे बीएसएनएलचे हजारो मॉडेम एका मालवेअरने बंद पाडले, तेव्हा मूळचा पासवर्ड बदला म्हणून ग्राहकांना सांगावं लागलं होतं.

तुमच्याकडे हेच आहे का, ते कसं ओळखायचं

आधी साधी कारणं बाजूला काढा. लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला लावा आणि घरातले बाकी सगळे फोन, टीव्ही, कॅमेरे बंद करा. तरीही संध्याकाळी अपलोडचा वेग तळाला गेलेला असेल आणि इंटरनेटचा दिवा सतत फडफडत असेल, तर काहीतरी बाहेर जातंय. काकांकडे डाउनलोड बरा होता आणि अपलोड ठप्प. बॉटनेटमधला राऊटर दुसऱ्यांवर हल्ला करत असतो किंवा नवे राऊटर शोधत असतो, त्याची ही खूण.

मग राऊटरच्या पानावर जा. बहुतेकांचा पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नाहीतर खालच्या स्टिकरवर पाहा. पानच उघडत नसेल आणि रीस्टार्टनंतर थोडा वेळ उघडून पुन्हा बंद होत असेल, तर संशय पक्का करा. मिराय आत शिरली की दुसऱ्या कोणाला शिरता येऊ नये म्हणून टेलनेट (दुरून आज्ञा देण्याचा जुना मार्ग) बंद करते, आणि काही रूपं वेबचा दरवाजाही बंद करतात.

पान उघडलं तर या जागा सावकाश वाचा: टाइम सर्व्हर, डीडीएनएस (घरच्या बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सोय), पिंगचा डबा, डीएनएस सर्व्हर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा), पोर्ट फॉरवर्डिंगची (बाहेरून घरातल्या उपकरणांकडे उघडलेल्या दारांची) यादी आणि वापरकर्त्यांची यादी. सेमीकोलन, उभी रेघ (|), उलटं एकेरी अवतरणचिन्ह (`) किंवा डॉलरचं चिन्ह नावाच्या डब्यात दिसलं तर ते तिथे असण्याचं काहीच कारण नाही. मजकूर पुसण्याआधी फोटो काढून ठेवा. डीएनएस वेगळा तपासायला हवा, कारण तिथे आकडे बदलले असतील तर बँकेच्या नावाने तुम्हाला भलत्याच पानावर नेता येतं. तुमच्या नेटवाल्याचे आकडे कोणते ते त्यालाच विचारा; ८.८.८.८ किंवा १.१.१.१ दिसले तर ते ओळखीचे आहेत.

गूगल सारखं "तुम्ही यंत्रमानव नाही ना" असं विचारत असेल, तर एवढ्यावरून घाबरू नका. आपल्याकडे बरेच नेटवाले अनेक ग्राहकांना एकच बाहेरचा पत्ता वाटून देतात. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल तर तुम्ही त्यातलेच. तेव्हा खोडी गल्लीतल्या दुसऱ्याच कोणाची असू शकते. असा वाटून घेतलेला पत्ता असला की बाहेरून थेट हल्ला अवघड होतो खरा, पण त्याच नेटवाल्याच्या जाळ्यातून, घरातल्या एखाद्या जुन्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमधून किंवा तुमच्याच ब्राउझरमध्ये उघडलेल्या वाईट पानातून राऊटरपर्यंत पोचता येतं.

नेटवाल्याकडून "तुमच्या कनेक्शनवर बॉट सापडला" असा मेसेज आला तर तो खोटाच असेल असं धरून पुसून टाकू नका. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून नेट कंपन्यांमार्फत असे इशारे देतं. मेसेजमधली लिंक मात्र दाबू नका. केंद्राचा पत्ता स्वतः टाइप करा किंवा नेटवाल्याला फोन करून खात्री करा.

काढायचं कसं

इथे क्रम चुकला की सगळी मेहनत वाया जाते. माझी पहिल्या खेपेला गेली. मी आधी सेटिंगची बॅकअप फाइल घेतली, राऊटर रिसेट केला आणि वेळ वाचावा म्हणून तीच फाइल परत भरली. त्या फाइलमध्ये टाइम सर्व्हरची ती ओळ होतीच. दोन दिवसांनी काकांचा फोन: "अगं, परत सुरू झालं."

म्हणून जुनी बॅकअप फाइल वापरायचीच नाही. सुरुवातीला एका कागदावर पीपीपीओई चं (राऊटर नेटवाल्याकडे लॉगिन करतो ते) युजरनेम आणि पासवर्ड लिहून घ्या, त्याच पानावर व्हीलॅनचा आकडा असेल तर तोही. पासवर्ड ठिपक्यांत दिसत असेल तर नेटवाल्याकडून मागून घ्या आणि मगच पुढे जा, नाहीतर रिसेटनंतर नेटशिवाय बसावं लागेल.

मग राऊटर उलटा करून स्टिकर वाचा. मॉडेलच्या नावाशेजारी व्ही१, व्ही२, व्ही३ असं काहीतरी असतं. नाव एकच असलं तरी आतला बोर्ड वेगळा असतो आणि दुसऱ्या आवृत्तीचं फर्मवेअर टाकलं तर राऊटर कायमचा बंद पडू शकतो. फोनच्या मोबाइल डेटावर कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, शक्यतो भारताच्या विभागातून, त्याच आवृत्तीचं सगळ्यात नवं फर्मवेअर उतरवा आणि लॅपटॉपवर घ्या. झिप असेल तर उघडून आतली फाइल बाहेर काढा.

आता राऊटरची बाहेरून येणारी वायर काढा. ही पायरी लोक गाळतात. रिसेट झालेला राऊटर जुन्या फर्मवेअरसह नेटला लागलेला असेल, तर तुम्ही फाइल शोधताय तेवढ्यात तो पुन्हा बाधित होऊ शकतो. वायर काढल्यावर राऊटर एकदा बंद करून चालू करा, म्हणजे रॅम रिकामी होईल. बाहेरची वायर नसल्यामुळे जतन झालेली ओळ चालली तरी तिला फाइल आणता येणार नाही. लॅपटॉप लॅन केबलने जोडा, फाइल चढवा. चढत असताना वीज जाता कामा नये, म्हणून राऊटर इन्व्हर्टरवर असलेला बरा. आमच्याकडे हे पहाटे केलं.

फर्मवेअर चढून राऊटर पुन्हा चालू झाला की मागच्या छोट्या भोकात टाचणी किंवा सिमकार्डची पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. अपडेटनंतर पुन्हा रिसेट कशासाठी, तर नवं फर्मवेअर जुन्या सेटिंगला सहसा हात लावत नाही. २०२५ मध्ये आसुसच्या राऊटरांवर झालेल्या एका मोठ्या मोहिमेत हेच दिसलं. हल्लेखोरांनी सीव्हीई-२०२३-३९७८० ही कमांड इंजेक्शनची फट वापरून ५३२८२ या पोर्टवर एसएसएच (दुरून आज्ञा देण्याचा मार्ग) चालू केलं आणि स्वतःची किल्ली सेटिंगमध्येच ठेवली. ९,००० हून अधिक राऊटर सापडले. फर्मवेअर अपडेट करूनही त्यांचा चोरदरवाजा तसाच राहत होता. फॅक्टरी रिसेट करून सगळं हाताने पुन्हा भरलं तरच तो जात होता.

रिसेटनंतर, बाहेरची वायर अजून काढलेलीच ठेवून, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून सेटिंग बदलण्याची सोय) बंद करा, यूपीएनपी (घरातल्या उपकरणांना राऊटरची दारं आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफायला जोडण्याची सोय) बंद करा, वायफायला नवा पासवर्ड द्या. यूपीएनपी बंद केल्यावर एखादा ऑनलाइन गेम कुरकुर करेल, तरीही बंदच ठेवा असं माझं मत आहे. २०१७ मध्ये हुआवेच्या एचजी५३२ राऊटरांत सातोरी बॉटनेट शिरलं ते यूपीएनपीच्याच सेवेतून. फर्मवेअर आपोआप अपडेट होण्याची सोय असेल तर ती चालू करा. मग कागदावरचं पीपीपीओई भरा आणि सगळ्यात शेवटी वायर लावा.

काकांकडे वायर लावल्यावर मिनिटाभरात लॉगमध्ये पहिल्यांदा त्या दिवसाची तारीख उमटली.

राऊटर नेटवाल्याचाच असेल तर

बऱ्याच घरांत फायबरचा डबा कंपनीने दिलेला असतो आणि त्याचं फर्मवेअर आपल्याला बदलता येत नाही. अशा वेळी तक्रार लेखी करा आणि तक्रार क्रमांक घ्या. "नेट स्लो आहे" असं लिहिलंत तर पुन्हा रीस्टार्टच सांगतील. "डिव्हाइसमध्ये टाइम सर्व्हरच्या सेटिंगमध्ये अनोळखी आज्ञा सापडली, फोटो जोडला आहे, फर्मवेअर अपडेट करा किंवा डिव्हाइस बदलून द्या" असं लिहिलं की ती तक्रार फोन उचलणाऱ्याच्या हातातून तांत्रिक माणसाकडे जाते. दुसरा मार्ग म्हणजे तो डबा ब्रिज मोडवर (म्हणजे तो फक्त नेट पुढे पाठवेल, राऊटरचं काम करणार नाही असा) टाकायला सांगायचं आणि मागे स्वतःचा राऊटर लावायचा. बरेच नेटवाले मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात, त्यामुळे नवा राऊटर लावताना त्यांना तो बदलायला सांगावं लागतं.

कंपनीने दुरुस्ती देणंच बंद केलं असेल तर

साइटवर शेवटचं फर्मवेअर पाच-सहा वर्षांपूर्वीचं असेल तर राऊटर बदला. हे खर्चाचं आहे, मला माहीत आहे. पण लिंक्सिसच्या जुन्या ई-मालिकेच्या राऊटरांत २०१४ मध्ये द मून नावाचा किडा (स्वतःहून पसरणारा प्रोग्राम) कमांड इंजेक्शनच्याच फटीतून शिरला होता, आणि मे २०२५ मध्ये एफबीआयने त्याच पिढीतल्या राऊटरांची यादी देऊन सांगितलं की ते आजही बाधित होताहेत आणि गुन्हेगार त्यांच्याआड लपून व्यवहार करताहेत. अशा वेळी गुन्ह्याचा माग काढत येणाऱ्याला पत्ता तुमच्या घरचा सापडतो.

थोडी तांत्रिक हिंमत असेल तर ओपनडब्ल्यूआरटी या मोफत, खुल्या फर्मवेअरचा पर्याय पाहा. तुमच्या मॉडेलला आधार आहे का आणि किमान ८ एमबी फ्लॅश व ६४ एमबी रॅम आहे का, ते आधी तपासा. त्याहून जास्त असेल तर उत्तम. आणि काढलेला जुना राऊटर गावच्या घराला किंवा शेजाऱ्याला देऊ नका.

नंतरची तपासणी

आठवडाभराने तीच पानं पुन्हा वाचा: टाइम सर्व्हर, डीएनएस, पोर्ट फॉरवर्डिंग, वापरकर्ते. फोनचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून घरचा बाहेरचा पत्ता (स्टेटस पानावरचा वॅनचा पत्ता) ब्राउझरमध्ये टाका. लॉगिनचं पान दिसलं तर रिमोट मॅनेजमेंट अजून कुठेतरी चालू राहिलंय.

हे सगळं करूनही टाइम सर्व्हरच्या डब्यात पुन्हा आज्ञा भरलेली दिसली, तर हल्ला घराच्या आतून होतोय. आमच्या ओळखीच्या एका दुकानात तो जुन्या डीव्हीआरमधून होत होता. राऊटर वरच्याच क्रमाने पुन्हा स्वच्छ करा आणि सुरुवातीला फक्त एक फोन जोडा. मग रोज एकेक उपकरण वाढवत जा: टीव्ही, कॅमेरे, डीव्हीआर, प्रिंटर. रोज रात्री टाइम सर्व्हरचा डबा उघडून पाहा. ज्या उपकरणानंतर तो बिघडेल ते बाजूला काढा, आणि त्याचंही फर्मवेअर अशाच पद्धतीने तपासा.